तन्मयता शून्य

पान उलटण्याआधी थांबायचं. उजवा कोपरा चिमटीत धरायचा, किंचित उचलायचा आणि तसाच धरून ठेवायचा. समोर गालिच्यावर मांडी घालून बसलेली पहिलीतली पोरं मग पुढे सरकायला लागतात. आधी मान, मग छाती, मग अख्खं पोर. पुढच्या रांगेतल्या कुणाचा तरी गरम श्वास आपल्या मनगटाला लागला, की उलटायचं.

इंग्रिड टॉफ्टेला हे कुणी शिकवलं नव्हतं. ग्रंथपालाच्या पदवीला पुस्तकांना नंबर कसे द्यायचे हे वर्षभर शिकवतात. पान कसं उलटायचं याला एक तासही नसतो. मूस पोर्टेज गावच्या प्राथमिक शाळेत ती नोकरीला लागल्यापासून पानंच उलटत होती. समोरचे दात पडलेल्यांना 'टॉफ्टे' म्हणता येत नसे, म्हणून सगळ्या शाळेची ती मिसेस टॉफी झाली होती. घरी अकरा महिन्यांची लेक होती. तिलाही पुस्तकं फार आवडत, विशेषतः कोपरे.

जानेवारीत शाळेत घुबड आलं.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण पडद्यावर चष्मा लावलेलं घुबड यायचं, म्हणून सगळे त्याला घुबडच म्हणत. इकडे घुबड शहाणं समजलं जातं, त्याला इलाज नाही. वाचनालयाच्या भिंतीवर मोठा पडदा बसला, प्रत्येक मुलाच्या हातात काचेची पाटी आली, आणि हे सगळं समजावून सांगायला जिल्हा कार्यालयातून केलिन ड्रेसलर आली. केलिन मूळची ॲरिझोनाच्या वाळवंटातली. हा तिचा पहिलाच हिवाळा होता, आणि तरी ती हसतमुख होती. यावरून तिच्या जिद्दीची कल्पना यावी.

"चित्रांचं पुस्तक आपण आत घालायचं," केलिन म्हणाली. "ते वाचून दाखवतं, मध्येमध्ये प्रश्न विचारतं, मुलं पाटीवर बोट लावून उत्तरं देतात. आणि प्रत्येक बोट मोजलं जातं! त्यावरून वर्गाची तन्मयता निघते. शंभरपैकी."

"म्हणजे जितकं बोट लागेल तितकी तन्मयता?"

"अगदी बरोबर."

"आणि मूल नुसतं बघत बसलं तर?"

"म्हणजे त्याचं लक्ष नाही."

"तोंड उघडं टाकून बघत बसलं तर?"

केलिनच्या कपाळावर आठी पडली. "मग तर फारच काळजीची गोष्ट आहे," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक वेंडेल ब्रेक्केंनी इंग्रिडला खोलीत बोलावलं. ब्रेक्के भला माणूस. वाईट बातमी द्यायची असली की ते आधी हवामानावर बोलत. बातमी जितकी वाईट, तितकं हवामान लांबायचं. त्या दिवशी ते रविवारच्या बर्फापासून निघाले, तळ्यावरचा बर्फ गाडी पेलण्याइतका जाड झालाय का तिथे जरा रेंगाळले, आणि चौऱ्याण्णव सालच्या थंडीपर्यंत पोचले तेव्हा इंग्रिडने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तर असं आहे, इंग्रिड, पुढल्या वर्षी तीन शाळांना मिळून एकच ग्रंथपाल ठेवायचा विचार चाललाय. तू असशील, पण बसशील तिकडे क्रेन फॉल्सला. आठवड्यातून एकदा इथे चक्कर."

"क्रेन फॉल्स चाळीस मैलांवर आहे, वेंडेल. पाळणाघर साडेपाचला बंद होतं."

"तेच म्हणतोय. फेब्रुवारीत शाळा मंडळ वर्ग बघायला येतंय. घुबडाबरोबर तुझा तास चांगला झाला, तन्मयता चांगली दिसली, तर इथलं पद इथेच ठेवा म्हणून मला सांगता येईल." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "वारा जरा पडलाय, नाही?"

वारा पडला नव्हता. इंग्रिड गाडीत जाऊन बसली तेव्हा तो खिडक्या खडखडवत होता. हिवाळ्यात चाळीस मैल म्हणजे कधी एक तास, कधी तीन. पाळणाघरातली बाई साडेपाचनंतर मिनिटाला डॉलर लावते, पण इंग्रिडला पैशाचं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर वेगळंच आलं: सगळी मुलं गेलेली, दिवे मालवलेले, आणि दाराशी टोपी-मोजे चढवून तयार बसवलेली, घाम फुटलेली तिची छोटी बाई. घुबड तर घुबड, तिने ठरवलं. शंभरपैकी शंभर काढून दाखवू.

तासासाठी पुस्तक केलिननेच निवडलं. मुखपृष्ठावर बर्फ होता, तळं होतं, एक रानबदक होतं, आणि पाठीवर 'सर्व वयांसाठी' असं लिहिलं होतं. मुलांचं ते लाडकं पुस्तक. सगळा थवा दक्षिणेला उडून जातो, हे एकटं मागे राहतं. तळं गोठतं. दूर बर्फावर मासेमारीची एक लाकडी खोपी असते, तिच्यात दिवा. बदक चालत निघतं. पानागणिक दिवा मोठा होत जातो. शेवटून दुसऱ्या पानावर खोपीचं दार किलकिलं झालेलं असतं. आणि शेवटच्या पानावर दार बंद, दारापर्यंत बदकाच्या पावलांचे ठसे, बर्फावर पडलेलं एक पीस, आणि खोपीच्या धुराड्यातून धूर.

बस. संपलं. बदक आत ऊब घेतंय की पातेल्यात आहे, यावर पहिलीच्या वर्गात तीन आठवडे दोन पक्ष पडले होते.

मुद्दा असा, की या गोष्टीत एकही शब्द नाही. सगळी चित्रंच.

इंग्रिडने केलिनला सावध केलं. अगदी स्पष्ट शब्दांत केलं, निदान मूस पोर्टेजच्या मानाने. ती म्हणाली, "हे पुस्तक त्या यंत्राला जरा वेगळंच पडेल हं."

आता या गावात कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. शेजाऱ्याने घराला जांभळा रंग दिला, सुनेने भाजलेल्या बटाट्यांत मिरची घातली, नव्या पाद्र्याने प्रार्थनेत गिटार काढली, तर लोक हनुवटी खाजवून एवढंच म्हणतात, "वेगळंच आहे हं." याहून मोठी शिवी गावाच्या शब्दकोशात नाही. हे ऐकल्यावर शेजारी घर पुन्हा पांढरं करतो.

केलिन ॲरिझोनाची. तिचा चेहरा उजळला. "वेगळं! अहो, तेच तर हवंय आपल्याला!"

इंग्रिड आणखी काही बोलू शकली असती. पण 'वेगळंच आहे' याच्या पलीकडे जाऊन बोलायचं म्हणजे भांडणच, आणि भांडण तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. तिच्या आज्या-पणज्या तोंड मिटून जहाजातून या देशात आल्या होत्या, आणि तोंड मिटूनच गेल्या.

गुरुवारी पहिलीचा तास झाला. पोरं बर्फात घालायच्या जाड विजारी उतरवून, केस उभे राहिलेल्या अवस्थेत गालिच्यावर आली. पाट्या वाटल्या. इंग्रिडने बटण दाबलं. घुबडाने पंख झाडले.

"नमस्कार, बालमित्रांनो!" त्याचा आवाज मधात बुडवलेला होता. "आज आपण एक सुंदर गोष्ट ऐकणार आहोत!"

आणि ते शब्द शोधू लागलं. पुस्तकाच्या सुरुवातीला बारीक अक्षरांचं एक पान असतं. प्रकाशकाचा पत्ता, कुठे छापलं, कितवी आवृत्ती, असलं सगळं. ते पान आजवर मुद्रितं तपासणाऱ्याशिवाय कुणी वाचलेलं नाही. अख्ख्या पुस्तकात शब्द काय ते तेवढेच. घुबडाने ते धरले.

"सर्व हक्क राखीव," घुबड हळुवारपणे म्हणालं. "प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय… या पुस्तकाचा कोणताही भाग… कोणत्याही स्वरूपात…" इथे त्याचा गळा दाटून आला, मागे व्हायोलिन वाजू लागलं. "…साठवता येणार नाही."

एकही पोर पुढे सरकलं नाही.

मग घुबडाने सगळी आकडेवारी वाचली, छापखान्याचं शहर सांगितलं, आणि बदकाकडे वळलं. पडद्यावर बदक झरकन येऊन गेलं. "या पानावर वाचण्यासारखं काही नाही," घुबड म्हणालं. तळं येऊन गेलं. "याही पानावर नाही." खोपी, दिवा, दार, धूर, सगळं एका दमात गेलं. "छान! आता बघू, तुम्हाला गोष्ट किती कळली!"

पाट्यांवर प्रश्न आले. गोष्टीत कोणता पत्ता आला होता? पुस्तकाचा कोणता भाग साठवता येईल: थोडा, बराच, की कोणताही नाही? या गोष्टीवरून आपण काय शिकलो?

पोरांनी बोटांचा असा काही मारा केला की विचारू नका. बरोबर उत्तराला चांदणी उडत होती, चुकलं की घुबड डोळे फिरवत होतं. दोन्हीही बघायला मजा. ऑगी नावाचा एक दांडगोबा तर घुबडाचे डोळे फिरवायचे म्हणून मुद्दाम चुकत होता. टिल्डा, जी एरवी पुस्तकात नाक खुपसून बसायची, तिनेही बोट लावलं. फक्त तिने शेवटी हात वर केला.

"मिसेस टॉफी, बदकाची गोष्ट कधी लागणार?"

पडद्यावर आकडा झळकला. अठ्ठ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानावर एकच गलका. बर्फ लोटून केलेल्या ढिगाऱ्यावर ऑगी हात पसरून उभा. "सर्व हक्क राखीव!"

"खाली उतर! माझीही पाळी आहे!" होदान ओरडली. होदानच्या गुलाबी ओढणीवर लोकरीची टोपी, टोपीवर कोटाची टोपी, आणि या सगळ्याच्या आतून तिचा आवाज तरी खणखणीत.

"लेखी परवानगी आहे का?"

"तुझ्या नाकाला आहे का लेखी परवानगी? शेंबूड गळतोय बघ!"

"या शेंबडाचा कोणताही भाग साठवता येणार नाही!"

आठवडाभरात जेवणघरात चॉकलेटचं दूध, बसमधली खिडकीची जागा, सगळे हक्क राखीव झाले. एका आईचा शाळेत फोन आला, की धाकट्याला अंथरुणात घ्यायला थोरला लेखी परवानगी मागतोय, हे तुम्ही कुठल्या तासाला शिकवता?

ब्रेक्के मात्र खूश. "अठ्ठ्याण्णव, इंग्रिड! जिल्ह्यात कुणाला पडले नाहीत एवढे!"

"त्याने गोष्ट वाचलीच नाही, वेंडेल. त्याने प्रकाशकाचा पत्ता वाचला."

"बरं. पण अठ्ठ्याण्णव."

"मुलांना छापखान्याचं गाव पाठ झालंय."

"म्हणजे भूगोलही झाला." ब्रेक्के खुर्चीत सावरून बसले, आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली. "यंदा तळ्यावर बर्फ लवकर धरला… एक विचारू का? ते वाचत होतं, त्या वेळात तू नेमकं काय करत होतीस?"

"काय करणार? बटण दाबलं."

"तेच. मंडळातल्या एकदोघांचं म्हणणं पडलं, की बटण तर जेवणघरातली लुईसही दाबेल. थंडी मात्र यंदा…"

"थांब, वेंडेल. मला नीट कळू दे. गुण कमी पडले, तर मला शिकवता येत नाही म्हणून मी नको."

"असं कुणी म्हणणार नाही."

"आणि गुण भरपूर पडले, तर माझी गरज नाही म्हणून मी नको."

ब्रेक्केंनी खिडकीबाहेरचा बर्फ न्याहाळला. "तसं बघितलं तर," ते म्हणाले, "दोन्ही बाजूंनी विचार झालाय."

संध्याकाळी इंग्रिड लेकीला मांडीवर घेऊन बसली. स्वयंपाकघरात भाताचं पातेलं उतू जाऊ घातलं होतं, धुतलेले कपडे सोफ्यावर डोंगर होऊन पडले होते. नवरा बाहेर वाटेवरचा बर्फ लोटत होता, फावड्याची खर्रखर्र ऐकू येत होती. तिने बदकाचं पुस्तक उघडलं. लेकीने आधी कोपरा चावून पाहिला. मग दिव्याचं पहिलं पान आलं आणि तिचं चावणं थांबलं. ती पुढे वाकली. खालच्या ओठावर लाळेचा थेंब लोंबत राहिला, पडेना. हातपाय सगळे जिथल्या तिथे थिजलेले. घुबडाच्या हिशेबाने या मुलीत जीवच नव्हता. इंग्रिडने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. भात लागला.

मंडळ आलं त्या दिवशी थंडी इतकी होती की बाहेरची सुट्टी रद्द झाली होती, आणि वर्गात कोंडलेली पोरं उतू जायला आलेल्या दुधासारखी वर येत होती. मंडळाचे सदस्य मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसले. मध्यभागी अध्यक्षा आर्लिस स्कार. गावात पेट्रोल, कॉफी आणि गळाला लावायची जिवंत गांडुळं एकाच गल्ल्यावर विकणारी ही बाई मंडळाच्या प्रत्येक बैठकीला विणकाम घेऊन येई. तिने एकदा सुया बाजूला ठेवल्या होत्या, तेव्हा जिल्ह्याचा अधीक्षक बदलला होता म्हणतात. मागच्या टेबलावर लिंबाच्या वड्यांचं ताट होतं. केलिन कडेला उभी होती, हातात स्वतःची पाटी, गालांवर आनंद.

बटण दाबलं. घुबडाने पंख झाडले, व्हायोलिन वाजलं.

"सर्व हक्क राखीव," घुबड म्हणालं, आणि सगळा वर्ग त्याच्याबरोबर एका सुरात म्हणाला. पुढचंही सगळं पोरांना पाठ. छापखान्याच्या गावाला तर टाळ्या पडल्या. बोटं धडाधड पडू लागली, आकडा चढू लागला. ऐंशी, नव्वद, अठ्ठ्याण्णव. केलिनने मंडळाकडे पाहिलं. ब्रेक्केंनी खिडकीकडे पाहिलं.

पडद्यावर बदक येऊन गेलं, खोपी येऊन गेली, धूर येऊन गेला. "छान!" घुबड म्हणालं.

आर्लिसच्या सुया थांबल्या. तिने चष्मा वर केला, पडद्याकडे पाहिलं, आणि हनुवटी खाजवली.

"वेगळंच आहे हं," ती म्हणाली.

एका सदस्याने ओशाळून बुटांकडे पाहिलं. ब्रेक्के कानापर्यंत लाल झाले. एकटी केलिन हसली. "धन्यवाद!" ती म्हणाली.

"आणि ते बदक?" आर्लिसने विचारलं. "ते कुठे निघालं होतं एवढ्या थंडीचं?"

"खोपीत!" टिल्डा ओरडली. "घुबडाला गोष्ट येतच नाही! त्याला फक्त पत्ता येतो!"

"खाल्लं त्याला," होदान म्हणाली.

"नाही खाल्लं!"

"मग धूर कशाचा?"

"चूप बसा गं दोघी," आर्लिस म्हणाली. मग ती इंग्रिडकडे वळली. "बाई, तुला येते का ती गोष्ट?"

इंग्रिडला कळत होतं, की इथे पाऊल पुढे टाकलं तर पडद्यावरचा तो आकडा जाणार, आणि नाही टाकलं तर ती स्वतः. तिने टेबलावरून पुस्तक उचललं. आपल्या बुटक्या स्टुलावर बसली, पुस्तक खांद्याच्या बाजूला धरलं, चित्रं मुलांकडे. शब्द नव्हतेच, त्यामुळे ती काही बोलली नाही. थवा उडून गेला. बदक राहिलं. तिने कोपरा चिमटीत धरला आणि थांबली.

पोरं सरकली. पाट्या मांड्यांवरून घसरून गालिच्यावर पालथ्या पडल्या, कुणाला पत्ता नव्हता. ऑगीचं तोंड उघडं पडलं. तिने पान उलटलं, तळं गोठलं. मागच्या बुटक्या खुर्च्या करकरल्या. मंडळही सरकत होतं. भिंतीवर आकडा घसरत होता. सत्तर, चाळीस, बारा. "बालमित्रांनो?" घुबड म्हणालं. दिवा मोठा झाला. "बालमित्रांनो, तुम्ही आहात ना?" कुणीही नव्हतं. सगळे तळ्यावर होते, बदकामागोमाग, पावलं बर्फात बुडवत.

दार किलकिलं झालं. इंग्रिडने कोपरा धरला, आणि या वेळी इतकी थांबली की आर्लिस स्कारच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळत गेला तरी तो कुणी उचलला नाही.

पान उलटलं. ठसे, पीस, धूर.

मोठा उसासा पडला, आणि मग एकदम भडका. "खाल्लं!" "नाही खाल्लं!" यात मंडळाचे दोन सदस्यही होते, एक इकडून, एक तिकडून. या गोंधळात पडद्याकडे पाहिलं ते फक्त ब्रेक्केंनी. घुबड डोळे मिटून बसलं होतं. खाली लाल अक्षरं: तन्मयता शून्य.

निर्णय लगेच लागला नाही. मंडळ लिंबाच्या वड्यांपाशी जमलं. ताटात एक वडी उरली होती, आणि शेवटची वडी या गावात कुणी घेत नाही. एकाने अर्धी कापून घेतली. दुसऱ्याने उरलेल्या अर्ध्याची अर्धी. ठरावाचंही तसंच झालं. पहिल्या भागाला अठ्ठ्याण्णव, दुसऱ्याला शून्य, सरासरी एकोणपन्नास, म्हणजे धड चांगलंही नाही, धड वाईटही नाही. आर्लिस म्हणाली, बघू. बाकीचे म्हणाले, बघू या. ताटात नखाएवढी वडी राहिली, तीही रात्री झाडलोट करणाऱ्याने अर्धीच खाल्ली असावी.

सोमवारी मात्र घुबडाने स्वतःच पत्र धाडलं. मुख्याध्यापकांना, जिल्ह्याला, मंडळाला. पहिलीच्या वर्गाची तन्मयता चिंताजनक आहे. हा वर्ग यंत्राला प्रतिसाद देत नाही. अशा वर्गाला करारातील अटीनुसार प्रशिक्षित ग्रंथपालाने रोज, समोरासमोर, हातात छापील पुस्तक घेऊन वेळ द्यावा. गुण सुधारेपर्यंत हा उपाय थांबवू नये.

ब्रेक्केंनी पत्र दोनदा वाचलं आणि हवामानाबद्दल चकार शब्द न काढता इंग्रिडच्या खोलीत आले. "रोज," ते म्हणाले. "जिल्ह्याने सही केलेला करार आहे. तू क्रेन फॉल्सला गेलीस तर रोज कोण बसणार इथे?" मग ते मुलांकडे वळले. त्यांना वाटलं, मुलांना चार प्रोत्साहनाचे शब्द सांगावेत. "गुण वाढेपर्यंत मिसेस टॉफी रोज तुमच्याजवळ राहणार आहेत. गुण वाढले, की मग त्यांना जायला हरकत नाही. तेव्हा प्रयत्न करायचा, काय?"

"हो, मिस्टर ब्रेक्के," मुलं एका सुरात म्हणाली. पहिलीतलं मूल वाटतं तेवढं भोळं नसतं.

तिथून रोज शून्य पडू लागलं. खरंखुरं, निर्मळ शून्य. पाट्या दाराशी खोक्यात, पोरं गालिच्यावर. फक्त एकदा चार पडले. तपास झाला. ऑगीने पाटीवर सँडविच ठेवलं होतं. वर्गाने त्याला दिवसभर वाळीत टाकलं.

आणि मार्चच्या एका सकाळी, मुलं यायच्या आधी, केलिन आली. हसू नव्हतं. काखेत स्वतःची पाटी.

"मला एक काम सांगितलंय," ती दारातूनच म्हणाली. "मंडळापुढच्या तासाला पडलेलं ते शून्य. आमच्या साहेबांचं म्हणणं, असं होऊच शकत नाही. खोली भरून माणसं होती, एवढी मोठी, शिकलेली, आणि एकाचंही बोट लागलं नाही? यंत्र बिघडलं असणार. तिथे मी 'तांत्रिक बिघाड' म्हणून खूण केली, की ते शून्य पुसलं जातं. ते पुसलं की त्यापायी सुरू झालेल्या उपायातली शून्यंही जातात, मागचे अठ्ठ्याण्णव तेवढे राहतात, उपाय बंद होतो, आणि…"

"आणि क्रेन फॉल्स," इंग्रिड म्हणाली.

तिने खिडकीकडे पाहिलं. मग स्वतःचीच चीड आली तिला. तिने मान वळवली, आणि तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं ते केलं.

"मला इथेच राहायचंय, केलिन," ती म्हणाली. "मला इथून जायचं नाही. माझी मुलगी साडेपाचनंतर दारात बसलेली मला चालणार नाही. ही मुलं एका घुबडाकडून पत्ते पाठ करताना मला बघवणार नाहीत. ते पुस्तक तू निवडलंस तेव्हा मी वेगळं पडेल म्हणाले ना, त्याचा अर्थ वाईट. फार वाईट. मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं."

केलिन दारातून आत आली. "वेगळं म्हणजे वाईट?"

"हो."

"मग त्या आर्लिस बाई…"

"हो."

"आणि मी धन्यवाद म्हणाले!" केलिनने तोंडावर हात घेतला. तिला हसू फुटलं, आणि ते बराच वेळ आवरेना. ती बुटक्या खुर्चीवर बसली, पाटी मांडीवर घेतली.

"त्या दिवशी ही माझ्या हातात होती," ती म्हणाली. "चालू होती. शून्यावर आली की हिच्यात धोक्याची घंटा वाजते. वाजली असणार. मी ऐकली नाही. मी…" तिने मान हलवली. "दार किलकिलं झालं होतं ना."

तिने पाटीवर बोट टेकवलं. एकदाच. इंग्रिडने वाकून पाहिलं. 'बिघाड नाही.'

दाराबाहेर बर्फाच्या विजारींची सळसळ झाली, बूट धडाधड आपटले गेले, आणि पहिलीचा वर्ग आत घुसला. केलिनला बघून पोरं थबकली.

"मला एकच सांगा," केलिन त्यांना म्हणाली. "खाल्लं का हो त्याला?"

"नाही!" टिल्डा किंचाळली. "तो धूर शेगडीचा आहे!"

"शेगडीवर काय होतं मग?" होदान म्हणाली. "विचार करा."

"कॉफी!"

"बदकाची!"

"आज पुन्हा बघू या," इंग्रिड म्हणाली. "केलिन, बसतेस का?"

केलिन गालिच्याकडे निघाली. होदान मध्ये आडवी उभी राहिली, हात कमरेवर, नजर केलिनच्या काखेतल्या पाटीवर.

"बसा," ती म्हणाली. "पण ती बाहेर ठेवून या. तुमच्यामुळे आमचे गुण वाढतील."